उपकारस्तुतीच्या रविवारचं धान्य: लिलावच करायचा की भुकेल्याच्या घरी पोचवायचं?

बांधावरचा:
जय ख्रिस्त मंडळी. आमचं चर्च श्रीरामपूरच्या बाजूला, खेड्यातलं. उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या रविवारी, लोक बाजरी, सोयाबीन, कांदे, डांगर, अंडी, कोंबडा जे काय असेल ते वेदीपुढं आणतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि मग बाहेर मांडवात लिलाव. लिलाव म्हणजे धमाल असते, मागच्या साली एकाच डांगरावर तीनदा बोली लागली कारण घेणारा प्रत्येकजण ते परत टेबलावर ठेवायचा. पैसा सगळा चर्चफंडात. यंदा आम्ही तरुण संघानं म्हटलं की कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड मजुरांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडल्यात, निम्मं धान्य तिकडं देऊ. तर कमिटीतले काका भडकले, "वाडवडलांपासून लिलाव चालू आहे, तुम्ही कोण मोडणारे". बायबलच्या आधारानं काय उत्तर द्यावं?

निवृत्त_मास्तर:
बाळा, आधार एक सांगू का दहा. लेवीय 19 काढ, शेताच्या कडा कापू नका, सरवा (कापणीनंतर मागं पडलेली कणसं) वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. परका हा शब्द स्पष्ट आहे तिथं, म्हणजे आपल्या मंडळीतलाच गरीब असं काही नाही. रूथ मवाबी होती, ती असाच सरवा वेचायला बवाजाच्या शेतात गेली. आणि लूक 12 मधला तो श्रीमंत शेतकरी, पीक उदंड आलं तर कोठारं पाडून मोठी बांधतो म्हणणारा, त्याला देवानं मूर्ख म्हटलं.
पण काकांची बाजूपण ऐक. खेड्यातल्या चर्चचं वर्षाचं मोठं उत्पन्न म्हणजे हा लिलाव, त्यावर पाळकाचा पगार, लाइटबिल, पत्र्यांची डागडुजी. ते बंद पाडून दान करायला निघालात तर भांडणच होणार. प्रेषितांच्या काळातपण रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या म्हणून कुरकुर झाली (कृत्ये 6), तेव्हा प्रेषितांनी वाटप बंद केलं नाही, सात माणसं नेमली. तुम्हीपण तेच करा, वाटपाला माणसं नेमून घ्या आणि हिशोब कमिटीपुढं ठेवा.

केडगाव_लाइन:
आमची आजी मुक्तीतली, म्हणजे पंडिता रमाबाईंनी केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनमधली, म्हणून राहवत नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1874 च्या सुमारास दुष्काळात उपासमारीनं गेले, त्यांनी स्वतः भूक काढलेली. पुढं 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ही बाई तिकडं गेली आणि जवळजवळ तीनशे मुली-बायका घेऊन आली, राहायला धड जागा नसताना, आणि केडगावच्या माळावर विहिरी खोदून शेती उभी केली. आधी फंड भरू दे मग बघू असं म्हटलं असतं तर त्या पोरी कुठं असत्या? काकांना एवढंच विचार.

वसईची_माय:
आम्ही कॅथलिक, आमच्याकडं लिलाव नसतो, पण धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, 1833 ला पॅरिसमध्ये ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी काढलेली. त्यांची पद्धत मला आवडते, घरी जाऊन बसायचं, चौकशी करायची, काय कमी आहे ते बघायचं आणि कोणाला काय दिलं ते बाहेर फोडायचं नाही. दादा, प्लीज बॅनर लावून फोटो काढू नका. पोरं फोटो काढणारच माहितीये मला, तरी सांगते.

कोयता_बीड:
मी ख्रिश्चन नाही, पण कोपीत वाढलोय, म्हणून लिहितो. बाजरी-ज्वारी बरेच लोक गावाकडनंच पोत्यानं आणतात. कमी पडतं ते तेल, डाळ, भाजी, पोरांना दूध. नुसतं धान्य टाकून गेलात तर दळणाला गिरणी शोधत कोण फिरणार, उलट दळून द्या. दुपारी जाऊ नका, उसाच्या फडात असतात सगळे, कोपीवर म्हातारी आणि बारकी पोरं फक्त. संध्याकाळी उशिरा जा. आणि रेशनकार्ड आधारला जोडलेलं असेल तर इथल्या दुकानातपण अंगठा देऊन धान्य उचलता येतं, बऱ्याच जणांना माहीतच नसतं, तुमच्यातलं कोणी शिकलेलं पोरगं सोबत दुकानापर्यंत गेलं तरी लय मोठी मदत होईल.

बांधावरचा:
दादा हे आमच्या डोक्यातच नव्हतं. मग असं करतो, लिलाव होऊ दे, आलेल्या पैशातला चौथा हिस्सा तेल-डाळीला मागतो, आणि बाजरीची चार पोती लिलावात न लावता दळून घेतो. एक भीती आहे, उद्या कोणी म्हणालं आमिष दाखवून धर्मांतर करतात तर?

निवृत्त_मास्तर:
पुस्तिका, पत्रकं काही नेऊ नका आणि तिथं प्रार्थनासभा घेऊ नका. मत्तय 25 मध्ये भुकेल्याला खायला दिलं एवढंच विचारलंय, उपदेश किती केला ते नाही. सरपंचांना आधी सांगून ठेव.

कोयता_बीड:
आणि मुकादमाला, म्हणजे टोळी घेऊन येणाऱ्या ठेकेदाराला पण. त्याला न विचारता टोळीत शिरलात तर त्याला वाटतं युनियनवाले आले.