क्रूझ करून आलात? माहितीपत्रकात नसलेलं इथे लिहा

जाहिरातीत पोहण्याचे तलाव, सूर्यास्त आणि रिकामे डेक दिसतात. केबिन कुठली घ्यावी, बोट लागली तर काय, जहाज चुकतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मात्र जाऊन आलेल्यांनाच विचारावं लागतं. म्हणून हा धागा. कौतुक, तक्रार दोन्ही चालेल. फक्त कंपनीचं नाव घेऊन भांडणं नकोत.

सुरुवात मी जरा मागून करते. समुद्रावर नुसतं हिंडायला जायचं ही चैन निघाली ती जहाज कंपन्यांच्या अडचणीतून. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला, प्रवासी मिळेनात, आणि धक्क्याला बांधलेल्या जहाजाचा खर्च तर चालूच. हॅम्बुर्ग-अमेरिका या जर्मन जहाज कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी जानेवारी १८९१ मध्ये ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज जर्मनीतल्या कुक्सहाफेन बंदरातून भूमध्य समुद्रात सहलीला सोडलं. २४१ प्रवासी, सुमारे दोन महिने. बालिन स्वतःही सोबत गेले. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीने १८४४ मध्येच सहलींच्या जाहिराती केल्या होत्या, पण तेव्हा प्रवासी टपाल वाहणाऱ्या जहाजांतून जात. खास सहलीसाठी बांधलेलं ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ १९०० मध्ये पाण्यात उतरलं आणि १९०६ मध्ये जमैकाजवळ खडकावर चढून संपलं. प्रवासी सगळे वाचले.

आता तुम्ही लिहा.

*

मला बसमध्येही मळमळतं, त्यामुळे मी अभ्यास करूनच गेलो होतो. जहाज दोन तऱ्हांनी हलतं: डावीकडून उजवीकडे डोलतं आणि नाक वरखाली करतं. डोलणं कमी करायला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. नाक वरखाली होण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून केबिन मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यायची. सगळ्यात महाग केबिन बहुधा वर असतात आणि सगळ्यात जास्त डोलतातही त्याच, हा न्याय मला फार आवडला.

गोळी डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची. सुरू झाल्यावर केबिनमध्ये पडून छताकडे बघणं सगळ्यात वाईट. मोकळ्या डेकवर जा, क्षितिजावर नजर ठेवा.

*

वरच्या प्रतिसादात भर. केबिन निवडताना आपल्या मजल्याचा नकाशा सगळेच बघतात. वरचा आणि खालचा मजलाही बघा. डोक्यावर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज. खाली नाट्यगृह असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर निवांत झोप. अगदी पुढच्या टोकाला, खालच्या मजल्यावर असाल तर जहाज धक्क्याला लागताना बाजूला ढकलणारे पंखे सुरू होतात. गजर लावायची गरज नाही. ‘केबिन क्रमांक नंतर कळवू’ असं स्वस्त तिकीट असतं. त्यात असली खोली वाट्याला आली तर बोलायची सोय नसते.

*

मी काही वर्षं जहाजावर प्रवासी विभागात काम केलं आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

जहाज चुकलेली माणसं डेकवरून बघायला प्रवासी गर्दी करतात, टाळ्याही वाजवतात. आमच्यासाठी तो प्रसंग वेगळाच असे. परतायच्या वेळेला कोण आत आलं नाही ते यंत्रावर दिसतं, कारण चढता-उतरताना प्रत्येकाचं कार्ड तपासलेलं असतं. मग नावाने पुकारा, केबिनमध्ये शोध, फोन. तरीही पत्ता नसेल तर केबिनमधून पासपोर्ट शोधून तो बंदरावरच्या एजंटाकडे देण्याचा प्रयत्न होतो. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च ज्याचा त्याने करायचा. लोक म्हणतात, ‘दहा मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं?’ बिघडतं ते असं: वाटाड्या कप्तान, म्हणजे पायलट, ठरलेल्या वेळेला आलेला असतो, दोर सोडणारी माणसं उभी असतात, धक्का पुढच्या जहाजासाठी मोकळा करायचा असतो आणि काही बंदरांत भरती-ओहोटी कुणाची वाट पाहत नाही. जहाजाने स्वतः नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. तुम्ही ठरवलेल्या टॅक्सीसाठी नाही. बाहेरची सहल घेऊ नका असं मी म्हणणार नाही, ती स्वस्त आणि बऱ्याचदा चांगली असते. फक्त परतीला भरपूर वेळ राखा. आणि घड्याळ! काही जहाजं प्रवासभर स्वतःची वेळ पाळतात, मोबाइल मात्र किनाऱ्याची वेळ धरतो. एका तासाचा फरक पडला की संपलं. उतरताना दारापाशी लिहिलेली वेळ बघा.

दुसरी गोष्ट, सुरक्षा कवायत. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी ती नकोशी वाटते, मान्य. पण १३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. २४ तासांत घेतली तरी नियमात बसत होती. ३२ माणसं गेली. २०१५ पासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, एवढं ऐकू आलं की आपल्या ठरलेल्या जागी जायचं. आजकाल काही जहाजांवर चित्रफीत मोबाइलवर बघून त्या जागेवर फक्त हजेरी द्यायची असते. ती जागा खरोखर पायाने चालून बघा, जिन्याने.

*

चाकाच्या खुर्चीतल्या सासूबाईंना घेऊन गेलो होतो. जहाजावर त्यांना घरापेक्षा मोकळं फिरता आलं: लिफ्ट, रुंद दारं, सपाट डेक. अडलं ते बंदरावर. काही ठिकाणी धक्का लहान किंवा पाणी उथळ असल्याने जहाज दूर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. बोट वरखाली होत असताना खुर्चीतल्या माणसाला उतरवणं धोक्याचं, आणि नाही म्हणायचा अधिकार कर्मचाऱ्यांना असतो. वारा असेल तर सगळ्यांचंच ते बंदर रद्द. तिकीट काढण्याआधी कोणत्या बंदरात धक्का आहे आणि कुठे छोटी बोट, ते विचारा. सोयीची केबिन हवी असेल तर फार आधी नोंदवा, त्या मोजक्याच असतात.

औषधं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोहोचायला संध्याकाळ होते. जहाजावरचा डॉक्टर चांगला होता, बिल मात्र वेगळं. भरसमुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च विम्यात धरला आहे का, ते नीट वाचा.

*

मी थोडा विरोधी सूर लावतो. ‘आयकॉन ऑफ द सीज’ २०२४ मध्ये निघालं, २,४८,६६३ टनांचं. (हे टन वजनाचे नाहीत, जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे.) एवढी माणसं एकदम जुन्या गावात उतरली की गावाचं काय होतं ते व्हेनिसने भोगलं, ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे. शिवाय सकाळी उतरून संध्याकाळी परत, याला मी शहर बघणं म्हणत नाही.

मला आवडतो तो जागा बदलणाऱ्या जहाजाचा प्रवास. वसंतात आणि शरदात जहाजं कॅरिबियन आणि भूमध्य समुद्राच्या मध्ये ये-जा करतात. बंदरं कमी, नुसता समुद्र, तिकीट स्वस्त. पश्चिमेकडे जाणारं घ्या: घड्याळ मागे जात राहतं आणि काही दिवस पंचवीस तासांचे मिळतात. पूर्वेला निघालात तर तीच झोप कापली जाते.

*

छोटे मुद्दे. जहाज सुटलं की मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि बिल घरी येतं. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, चुंबकाचे हूक न्या. इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. जंतुनाशक जेलवर विसंबू नका; जहाजावर पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर साबण-पाणीच बरं. आणि विमानाने बंदराच्या गावी आदल्या दिवशीच पोहोचा.

*

शेवटच्या रात्रीबद्दल कुणी लिहिलं नाही. बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट बंदरावर मिळतात. आमच्या शेजारच्या काकांनी सगळं शिस्तीत भरून बाहेर ठेवलं, पायजमा तेवढा अंगावर. सकाळी त्यांना माझ्या यजमानांची पँट दिली, लांबीला अंमळ कमी पडली.