उकळलेले पाणी आणि कोरीडोरस

सोलापुरात बोअरचे पाणी उकळून गार केले की कोरीडोरसच्या (काचेच्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या छोट्या कॅटफिशच्या) विणीसाठी ते पुरेसे मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, होते असे एक मत मांडले गेले आहे; ते अर्धेच खरे आहे. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा भांड्याच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतो. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला मात्र तसाच राहतो, उलट वाफेने पाणी आटल्यामुळे किंचित वाढतोच. सोलापुरात आरओचे (क्षार काढून टाकणाऱ्या शुद्धीकरण यंत्राचे) पाणी मिसळणे हा सोपा मार्ग आहे, पण निव्वळ आरओवर टाकी चालवू नये, कारण क्षारांचा आधार नसलेल्या पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) अचानक घसरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होते.

मी पावसाचे पाणी वापरतो. पहिल्या सरींनी गच्ची धुऊन निघाल्यावरच ते प्लास्टिकच्या पिंपात भरावे. सिमेंटच्या हौदात साठवल्यास चुना उतरून ते पुन्हा जड होते आणि सगळा खटाटोप वाया जातो. टाकीपेक्षा तीन-चार अंशांनी गार असे हे पाणी एकतृतीयांश बदलले, की माशांना पावसाळा लागल्याचा भास होतो आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी काचेवर अंडी दिसतात. ती लगेच वेगळी काढावीत, कारण आईबापच ती फस्त करतात. त्या मतात कोरीडोरसच्या जातीचाही विचार झालेला दिसत नाही: दक्षिण अमेरिकेतील ला प्लाटा खोऱ्यातली पॅलिएटस ही जात थंड पाण्याचा मासा आहे, त्यामुळे आपला उन्हाळा त्याला सोसवत नाही. ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरील ग्वापोरे नदीतला स्टर्बाई जातीचा मासा मात्र २८ अंशांतही तजेलदार राहतो, म्हणून सोलापूरकरांनी सुरुवात त्याच्यापासूनच करावी.