मदत हवी आहे: उन्हाळा लागला की निकेलच्या मालावर खरखर येते

नमस्कार मंडळी,

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचा प्लेटिंगचा, म्हणजे विजेने धातूचा मुलामा चढवण्याचा, लहानसा कारखाना आहे. बाबांनी उभा केला, आता आम्ही दोघं मिळून चालवतो. पितळी नळ आणि त्यांच्या मुंड्यांवर निकेल, वरून क्रोम, एवढंच काम. एप्रिल संपता संपता मालावर खरखर यायला लागली. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने २४० नग परत पाठवले. बाबा काहीच बोलले नाहीत, पण रात्री उशिरापर्यंत एकटेच बफवर बसून ते नग घासत होते. ते बघवलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

खरखर कशी आहे ते आधी सांगते. मुंडी रॅकवर टांगली की तिचा जो भाग वर आभाळाकडे असतो, फक्त तिथेच बारीक दाणे येतात. बोट फिरवलं की रव्यासारखं लागतं. त्याच मुंडीची खालची बाजू मात्र आरशासारखी. पापुद्रा कुठेच निघत नाही, त्यामुळे धुण्यात किंवा अ‍ॅसिडमध्ये चूक नसावी.

टाकी ६०० लिटरची, साधा वॉट्स बाथ (निकेल चढवायचं नेहमीचं द्रावण). लिटरला निकेल सल्फेट २७० ग्रॅम, निकेल क्लोराइड ५०, बोरिक अ‍ॅसिड ४०. पीएच ४.२, तापमान ६० अंश, चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर. १५ मिनिटांत १२ मायक्रॉन बसायला हवेत आणि तेवढे बसतातही. बाथमधली सेंद्रिय घाण काढायला पेरॉक्साइड घालून कार्बन ट्रीटमेंट केली, कामाचा एक अख्खा दिवस गेला, फरक काही नाही. अ‍ॅनोडचा (टाकीत टांगलेल्या निकेलचा) गाळ अडवणाऱ्या पिशव्या नव्या घातल्या. हल सेलचा, म्हणजे बाथ तपासायच्या छोट्या चाचणी-टाकीतला, पत्रा तर लख्ख येतोय! पत्रा चांगला आणि माल खराब, हे कोडं मला सुटत नाही.

आणखी एक. बाथ संक्रांतीनंतर नवा केला, बोअरच्या पाण्यात. त्या पाण्याच्या रिपोर्टात कॅल्शियम लिटरला १६० मिलिग्रॅम आहे. थंडीत रोज ८ लिटर पाणी उडायचं, मार्चच्या मध्यापासून २० लिटर उडतंय, आणि तेवढं बोअरचंच भरतो. हीटरवर पांढरा थर धरलाय. कारण हेच असेल का? ऑफिसच्या एसीचं पाणी बादलीत धरून टाकीत घातलं तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, कारण तुम्हीच लिहिलंय. हिशेब करून बघा. पहिल्याच दिवशी टाकीत ९६ ग्रॅम कॅल्शियम होतं. थंडीच्या ६० दिवसांत आणखी ७७ ग्रॅम गेलं. मार्चपासून रोज ३.२ ग्रॅम, म्हणजे ४० दिवसांत १२८. झाले ३०० ग्रॅम, लिटरला अर्धा ग्रॅम. ६० अंशाला निकेलच्या बाथमध्ये साधारण एवढंच कॅल्शियम मावतं. रॅकवरून थोडं बाहेर जातं ते सोडून दिलं, तरी एप्रिलची अखेर बरोबर जुळते. पाणी उडतं, कॅल्शियम उडत नाही. अर्ध्या ग्रॅमच्या वरचं सगळं कॅल्शियम सल्फेटच्या सुया होऊन खाली बसतं, आणि वर तोंड करून असलेल्या भागावर निकेलखाली गाडलं जातं. कॅल्शियम सल्फेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून थर आधी हीटरवर धरतो.

हल सेलचा पत्रा उभा असतो, त्यावर काही बसत नाही. त्याचं खालचं टोक काटकोनात वाकवून लावा. शिवाय फिल्टरमधला गाळ वाळवून त्यावर लोहचुंबक धरा. ओढला गेला तर अ‍ॅनोडचा निकेल, नाही तर कॅल्शियम.

उपाय: बाथ ७० अंशांपर्यंत तापवा, सुया पडू द्या आणि गरम असतानाच फिल्टर करा. थंड झाला की त्या परत विरघळतात. मग ५५ अंशावर चालवा आणि भर घालायला फक्त डीएम (क्षार काढून टाकलेलं) पाणी वापरा. एसीचं पाणी नको. त्याची कॉइल बहुतेक वेळा तांब्याची असते, आणि थोडं तांबं गेलं तरी कमी करंटच्या कोपऱ्यांत काळपटपणा येतो.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. वाकवलेल्या पत्र्याच्या आडव्या भागावर तस्सेच दाणे आले, उभा भाग साफ. गाळ चुंबकाला चिकटला नाही. इतवारीतून आणलेल्या भिंगाखाली पांढऱ्या, टोकदार सुया दिसल्या. बाबा बराच वेळ भिंगातून बघत होते, मग म्हणाले, "इतकी वर्षं मी धुळीला दोष देत होतो."

शनिवारी बाथ तापवून फिल्टर केला. सोमवारी पहिल्या दोन रॅक काढल्या, वरची बाजू गुळगुळीत आहे. सध्या बॅटरीवाल्याकडून डीएम पाण्याचे कॅन आणतोय, पण रोज २० लिटर परवडणार नाही. हिंगण्यात किंवा बुटीबोरीत कुणी स्वतःचा डीएम कॉलम (रेझिनच्या दाण्यांतून पाणी गाळून क्षार काढणारा नळकांडा) लावलाय का? एवढ्या कठीण पाण्यावर रेझिन किती दिवसांनी रिजनरेट (धुऊन पुन्हा ताजं) करावं लागतं?