शासकीय अनुदानावर चालणाऱ्या विकास संस्थेचे नाव बदलताना काय पाहावे?

माणगंगा (प्रश्न) :
आमच्या तालुक्यातील, शासकीय अनुदानावर चालणाऱ्या एका समुदाय विकास संस्थेच्या कार्यकारिणीवर मी काम करतो. स्थापनेच्या वेळी शेळ्या आणि शिलाई यंत्रे यांचे वाटप हे संस्थेचे मुख्य काम होते. आता पाणलोट, बचत गटांचे कर्ज आणि तरुणांचे प्रशिक्षण यांवर भर आहे. त्यामुळे नाव बदलण्याचा ठराव पुढील सभेत येणार आहे. जुन्या गटांतील महिला मात्र नाराज आहेत, कारण बँकेत आणि पंचायत समितीत त्यांना याच नावाने ओळखतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ :
जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेचा इतिहास येथे उपयोगी पडेल. १९८० साली एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला आणि अल्पभूधारकांसाठीच्या आधीच्या संस्थांच्या जागी या यंत्रणा आल्या, कारण आता कारागिरांसह दारिद्र्यरेषेखालील सर्वच कुटुंबे कक्षेत आली होती. १९९९ च्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेने भर एकेका कुटुंबाकडून बचत गटाकडे वळवला, आणि २०११ नंतर महाराष्ट्रात ‘उमेद’ने, म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या राज्यातील शाखेने, गटांचे गावपातळीवर ग्रामसंघ व त्यांच्या वर प्रभागसंघ बांधले. या प्रत्येक टप्प्यावर कामाची पद्धतच बदलली होती, म्हणून नवे नाव टिकले. याउलट, २०१६ साली या राष्ट्रीय अभियानाच्या नावाआधी ‘दीनदयाळ अंत्योदय योजना’ हे शब्द जोडले गेले, तरी गावात बायका आजही ‘उमेद’च म्हणतात. आपण आधी संस्थेच्या घटनेतील उद्दिष्टे दुरुस्त करावीत. नावाचा विचार त्यानंतर करावा.

दप्तरदार :
संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असेल, तर ठरावानंतर ९० दिवसांच्या आत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सभेच्या नोटिशीत हा विषय स्पष्ट लिहिलेला असावा. ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून तो घेतल्यास हरकत येणे स्वाभाविक आहे. पुढे पॅन, बँक खाते आणि अनुदान देणाऱ्या विभागाकडील नोंद यांचा क्रम जुळवावा लागतो. मंजुरीचा आदेश जुन्या नावाने आणि खाते नव्या नावाने असे झाले की हप्ता अडकतो आणि त्याची झळ मानधनावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना बसते. म्हणून मार्च महिन्यात हे काम मुळीच काढू नये.

गटसखी :
मी प्रभागसंघात हिशेब पाहते. महिलांची नाराजी ही जुन्या नावाची हौस समजू नका. कर्जाची फेड, व्याज सवलत, अर्धवट राहिलेले विमा दावे हे सर्व कागद त्या नावाने आहेत, आणि उद्या बँकेच्या अधिकाऱ्याने ‘ही संस्था कोणती?’ असे विचारले तर उत्तर त्यांनाच द्यावे लागणार आहे. आधी प्रत्येक गटाच्या बैठकीत विषय मांडावा आणि ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांनाच नाव सुचवू द्यावे. फलकांवर व पत्रांवर पूर्वीचे नावही काही वर्षे छापावे, आणि हा खर्च प्रशिक्षणाच्या निधीतून कदापि करू नये.

माणगंगा :
आपणा सर्वांचे आभार. ठराव पुढे ढकलून आधी गटांच्या बैठका घ्याव्यात, अशी लेखी सूचना मी अध्यक्षांना देत आहे. उद्दिष्टांच्या दुरुस्तीचा मसुदा मात्र याच सभेत ठेवण्याचा आग्रह धरीन.