डेंटिस्टच्या खुर्चीच्या पाण्याला वास येत होता, मुलाची नस काढायचीये, काय विचारू?

मोगरा_नाशिक:
नमस्कार मंडळी. सोमवारी सकाळी लेकाला (वय ६) दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, खालची दुधाची दाढ किडलीये, नस काढून कॅप बसवावी लागेल म्हणाले. दिवसातले पहिले पेशंट आम्हीच. तपासताना तोंडात पाण्याचा फवारा मारला तसं त्याने तोंड वाकडं केलं आणि म्हणाला "आई, पाण्याला घाण वास येतोय". खुर्चीला चूळ भरायचा ग्लास असतो ना त्यातलं पाणी मी हुंगून बघितलं तर खरंच, फुलदाणीत चार दिवस राहिलेल्या पाण्याचा असतो तस्सा वास. असिस्टंट ताई म्हणाल्या काळजी नको, आम्ही आरओचंच पाणी वापरतो. डॉक्टर फार चांगले आहेत, आमचं अख्खं घर त्यांच्याकडे जातं, त्यामुळे मला भांडायचं नाहीये, पण शनिवारची अपॉइंटमेंट आहे आणि माझ्या डोक्यातून तो वास जात नाहीये. विचारायचं तर नेमकं काय विचारू?

दंतवैद्य_सातारा:
ताई, मी डेंटिस्टच आहे, १४ वर्षं झाली प्रॅक्टिसला. तुमच्या मुलाचं नाक बरोबर आहे. आरओ म्हटलं की आमच्यातले बरेच जण निर्धास्त होतात आणि तिथेच चुकतं, कारण प्रश्न बाटलीत काय भरता याचा नाहीच, खुर्चीच्या आतल्या नळ्यांचा आहे. त्या नळ्या आतून जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, पाणी थोडंथोडं वाहणार, रात्रभर आणि रविवारी तर पूर्ण साचून राहणार, मग नळीच्या आतल्या भिंतीला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, बायोफिल्म म्हणतात त्याला. त्यात आरओच्या पाण्यात क्लोरीनही उरलेलं नसतं. इंग्लंडमध्ये ब्लेक नावाच्या माणसाने १९६३ मध्येच हे लिहून ठेवलंय. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) २००३ मध्ये साध्या ट्रीटमेंटसाठी मर्यादा दिली, एका मिलिलीटरमध्ये ५०० जंतूंच्या वर नको.

धडधाकट मुलाच्या पोटात दोन घोट गेले तर बहुतेक वेळा काही होत नाही, त्याची धास्ती घेऊ नका. नस उघडी पडते तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. २०१५ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका मुलांच्या क्लिनिकमध्ये हीच ट्रीटमेंट, दुधाच्या दाढेची पल्पोटॉमी, झालेल्या मुलांना मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस या जंतूचं इन्फेक्शन झालं. तिथल्या सातही खुर्च्यांचं पाणी तपासलं तर एका मिलिलीटरला सरासरी ९१ हजारांच्या वर आकडा आला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात अनाहाइमला तसंच, ७० च्या आसपास मुलं. जबड्याच्या हाडापर्यंत गेलेलं इन्फेक्शन, ऑपरेशनं, काहींचे कायमचे दातही गेले. मलाही मुलगी आहे, ते वाचलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

तेव्हा एवढंच विचारा, नळ्या आतून औषधाने शेवटच्या कधी साफ केल्या, आणि नस उघडल्यावर धुवायला खुर्चीचं पाणी वापरणार की सीलबंद स्टराइल सलाइन सिरिंजने. दुसऱ्याचं उत्तर सलाइनच यायला हवं.

खुर्ची_मेकॅनिक:
डॉक्टर बरोबर बोलले. मी डेंटल चेअर रिपेअर करतो, कोल्हापूर सांगली साइड. मागच्या महिन्यात एका खुर्चीला पाण्याचं प्रेशर येईना म्हणून पाच वर्षं जुनी नळी काढली, बाहेरून एकदम चकाचक, ब्लेडने उभी चिरली तर आत तपकिरी-गुलाबी शेंबडासारखा थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघून आला. डॉक्टरांना दाखवला तर ते बघतच राहिले, बाटली रोज धुवायचे हो बिचारे. काही ठिकाणी खुर्ची थेट गच्चीवरच्या टाकीला जोडलेली असते, तिथे तर टाकी कधी धुतली तेही कुणाला आठवत नाही. आणि घरातलं ब्लीच अंदाजपंचे ओतू नका, एअरोटरची (दात कोरायचं फिरतं हत्यार) आणि ओ-रिंगची (रबरी वायसर) वाट लागते, खुर्चीच्या कंपनीने सांगितलेलं औषध सांगितलेल्या मापानेच.

शांतपणे_घ्या:
एवढं घाबरवू नका लोकांना. आम्ही ४० वर्षं ह्याच पाण्याने चुळा भरतोय, काही झालं नाही. सकाळी थोडं पाणी सोडून दिलं की झालं.

लॅबवाली:
दादा, पाणी सोडलंच पाहिजे, सकाळी काही मिनिटं आणि दोन पेशंटच्या मध्ये २०-३० सेकंद. पण त्याने सुटे जंतू वाहून जातात, भिंतीचा थर जागचा हलत नाही, थोड्या वेळाने आकडा परत चढतो. मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये आहे. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यायचा, नळीत औषध असेल तर त्याचा असर मारायला बाटलीत थायोसल्फेट लागतं, बर्फाच्या डब्यातून आणायचा. आम्ही तो आर-टू-ए नावाच्या माध्यमावर वाढवतो. दिसायला काचेसारखं पाणी असतं आणि आठवड्याने प्लेट उघडली की ठिपकेच ठिपके, मोजता येत नाहीत. आणि ४० वर्षांचं म्हणाल तर इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एक आजी लिजिओनेलाच्या न्यूमोनियाने गेल्या, तोच जंतू डेंटिस्टच्या खुर्चीच्या पाण्यात सापडला. घरात म्हातारं माणूस असेल, केमो चालू असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका.

मोगरा_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज फोन केला, हात थरथरत होता खरं सांगते. डॉक्टर अजिबात चिडले नाहीत. म्हणाले बाटली रोज धुतो पण नळ्यांना आतून औषध कधी केलेलं नाही, मेकॅनिकला बोलावतो आणि नमुना लॅबला पाठवतो. शनिवारची ट्रीटमेंट पुढे ढकलली, तोपर्यंत दाढेत तात्पुरतं सिमेंट भरणार. नस काढताना सलाइनच वापरणार म्हणाले, रबर डॅमही (दाताभोवती लावायचा रबरी पडदा) लावणार. तोवर दुखायला लागलं तर?

दंतवैद्य_सातारा:
रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा गालाला सूज आली तर रिपोर्टची वाट न बघता लगेच दाखवा. आणि ट्रीटमेंट झाल्यावरही काही महिने हिरडीवर पुळी, मानेत गाठ असं काही दिसतंय का बघत राहा, अमेरिकेतल्या त्या मुलांना त्रास लगेच नाही, काही आठवड्यांनी, काहींना तर काही महिन्यांनी सुरू झाला होता.