पकडीच्या स्पर्धेसाठी जर्मनीला जायचे आहे: व्हिसा, सामान आणि हातांची तयारी

खाडीकाठ

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहतो, घरची आंब्याची बाग सांभाळतो आणि संध्याकाळी गावातल्या व्यायामशाळेत पकडीचा, म्हणजे हाताच्या मुठीच्या ताकदीचा, सराव करतो. येत्या नोव्हेंबरात जर्मनीत होणाऱ्या एका खुल्या स्पर्धेसाठी माझी नोंदणी स्वीकारली गेली आहे. तेथे चार प्रकार आहेत: स्प्रिंगचा ग्रिपर मिटणे (म्हणजे त्याच्या दोन मुठी एका हाताने दाबून एकमेकींना टेकवणे), रोलिंग थंडर हा फिरत्या मुठीचा दांडा एका हाताने उचलणे, दोन्ही हातांच्या चिमटीने सपाट पट्टी उचलणे आणि जाड दांड्याची डेडलिफ्ट, म्हणजे वजन लावलेला दांडा जमिनीवरून उचलून ताठ उभे राहणे. आयर्नमाइंड कंपनीच्या कॅप्टन्स ऑफ क्रश मालिकेतील अडीच क्रमांकाचा ग्रिपर मी मिटतो; तीन क्रमांकाच्या मुठींमध्ये मात्र अजून थोडी फट राहते. बाकीची सारी साधने गावातल्या वेल्डरकडून करून घेतलेली आहेत.

मी आजवर देशाबाहेर गेलेलो नाही. पासपोर्ट मात्र तयार आहे. अशा स्पर्धेसाठी पर्यटनाचा व्हिसा चालतो की वेगळा घ्यावा लागतो, ग्रिपर आणि चॉक (हात घसरू नयेत म्हणून लावायची पांढरी पूड) विमानात कसे न्यावेत, आणि आपल्या दमट हवेत तयार झालेल्या हातांना तिकडच्या थंडीत कोणती अडचण येते, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. सोबत येणारे कोणी नसल्यामुळे लहानसहान गोष्टीही सांगितल्यात तर उपकार होतील.

चिपळूण_जंक्शन

आपले अभिनंदन. मी स्वतः पॉवरलिफ्टिंगच्या निमित्ताने युरोपात जाऊन आलो आहे, त्यामुळे कागदपत्रांपुरते खात्रीने सांगू शकतो. पकडीच्या बारकाव्यांवर जाणकार लिहितीलच.

जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक अल्पमुदतीचा व्हिसा, लागतो. त्याच्या अर्जात प्रवासाचा हेतू विचारलेला असतो आणि त्यात पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट यांच्याबरोबरच क्रीडा हाही पर्याय असतो. आपण तोच निवडावा. पर्यटन लिहून सोबत आयोजकांचे पत्र जोडले, तर अर्ज स्वतःशीच विसंगत होतो, आणि अधिकाऱ्याला शंका घ्यायला तेवढे पुरते. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे पंधरा दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढवता येते, म्हणून ‘पंधरा दिवस आधी’ या नियमाच्या भरवशावर राहू नये. प्रौढांसाठी शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे आणि अर्ज घेणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा.

जर्मनीचे अर्ज मुंबईत व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात घेतले जातात. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते, त्यामुळे भेटीची तारीख निवडताना कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक समोर ठेवावे, कारण त्या काळात गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि सकाळच्या भेटीसाठी आदल्या दिवशीच मुंबई गाठणे शहाणपणाचे ठरते. गणपतीच्या आठवड्यातली तारीख तर मुळीच घेऊ नये. त्या दिवसांत कोकणातून परतीचे आरक्षण मिळवणे हीच एक वेगळी स्पर्धा असते.

विम्याबाबत एक सूचना आवर्जून करतो. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा सक्तीचा आहे आणि तो स्वस्तात मिळतो, परंतु अशा पुष्कळ पॉलिसींमध्ये स्पर्धात्मक खेळात झालेली दुखापत वगळलेली असते. व्हिसासाठी ती पॉलिसी चालेल, पण बोटाचा स्नायुबंध तुटला तर तिचा काही उपयोग होणार नाही. तेव्हा अपवादांचे कलम वाचून, गरज असल्यास थोडा जास्त हप्ता भरून, खेळाचा समावेश असलेली पॉलिसी घ्यावी.

सामानाचे सोपे आहे. ग्रिपर हातातल्या बॅगेत ठेवू नयेत, कारण क्ष-किरण यंत्रावर जाड स्प्रिंग आणि धातूच्या दोन मुठी दिसल्या की तपासणी होणार, आणि ते आत न्यायचे की नाही हे तेथील कर्मचारीच ठरवणार. ते चेक-इन सामानात जाऊ द्यावेत. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. ते भुकटीऐवजी वडीच्या रूपात आणि मूळ छापील वेष्टनातच न्यावे. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली पांढरी पूड घेऊन परक्या विमानतळावर उभे राहण्याची हौस कोणाला नसावी. द्रव चॉकमध्ये अल्कोहोल असते, त्यामुळे ते घरीच ठेवलेले बरे.

चिरेबंदी

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी हातांविषयी लिहितो, कारण माझ्या मते आपली खरी कसोटी तेथे लागणार आहे. आपण घडवून घेतलेल्या साधनांवर जे किलो उचलता, ते सारे किलो जर्मनीतल्या साधनांवर उचलले जातीलच असे नाही, आणि जो फरक पडेल तो मुख्यतः घर्षणाचा असेल.

रोलिंग थंडरच्या मुठीचा व्यास 2⅜ इंच, म्हणजे सुमारे 60 मिलिमीटर आहे. आपल्याकडे नळसामानाच्या दुकानात ‘दोन इंची’ म्हणून मिळणाऱ्या जीआय पाइपचा बाहेरचा व्यास 60.3 मिलिमीटर असतो, त्यामुळे जाडीची जुळणी आपोआप होते. ‘दीड इंची’ पाइप बाहेरून 48.3 मिलिमीटर भरतो आणि तो जाड दांड्याच्या डेडलिफ्टच्या सरावाला योग्य आहे. मात्र आपल्या वेल्डरने पाइप आतल्या सळईला पक्का जोडला असेल, तर तो रोलिंग थंडर होत नाही. मूठ सैल फिरती असली की वजन बोटे उलगडू पाहते आणि मनगट वळवून किंवा कातडी आवळून तिला अडवता येत नाही; अंगठ्याला सतत काम करावे लागते. घट्ट पाइपवर उचललेल्या वजनातला बराच भाग फिरत्या मुठीवर गळून पडतो. आतल्या सळईवर बेअरिंग बसवून घ्यावे, खर्च फार नाही.

दुसरी गोष्ट गंजाची. आपल्या खाऱ्या हवेत उघड्या लोखंडावर एका पावसाळ्यात खरखरीत थर चढतो. ओल्या हातांना तो थर आवडतो, कारण तो घसरू देत नाही, पण स्पर्धेतला पृष्ठभाग स्वच्छ आणि बहुधा गुळगुळीत असतो. नोव्हेंबरपर्यंत आपली साधने बारीक एमरी पेपरने घासून, कोरड्या फडक्याने पुसून, मगच वापरावीत. आकडे खाली येतील, पण ते खरे असतील.

चिमटीच्या बाबतीत हाच मुद्दा अधिक ठळकपणे लागू होतो. आपल्याकडे जांभ्याच्या चिरेखाणीवर काम केलेल्या माणसांची बोटे विलक्षण ताकदवान असतात, यात शंका नाही, आणि मीही चिरे धरूनच सराव केला. परंतु जांभा सच्छिद्र आणि खडबडीत असल्याने बोटांची टोके त्यात रुततात. स्पर्धेत दोन्ही हातांनी उचलायची पट्टी सपाट असते. तेथे टोकांनी टोचून भागत नाही, बोटांच्या पेरांचा पूर्ण सपाट भाग आणि अंगठा यांनी आतल्या दिशेने दाब द्यावा लागतो. पुष्कळ ठिकाणी पट्टीची रुंदी स्पर्धकाच्या हाताप्रमाणे कमीजास्त करता येते, म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या गुळगुळीत फळ्या किंवा पोलादी चकत्या जोडून, आपल्याला कोणती रुंदी सर्वांत सोयीची आहे हे इथेच शोधून ठेवावे. हा सराव रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्याच्या, दोराने होणार नाही. दोर ओढताना बोटे आकड्यासारखी अडकतात आणि अंगठा जवळजवळ मोकळाच राहतो.

ग्रिपरविषयी आपल्याला माहिती असेलच, तरीही लिहितो. अडीच क्रमांकाचे कंपनीने दिलेले मूल्य, म्हणजे तो मिटायला लागणारा जोर, 237.5 पौंड आणि तीनचे 280 पौंड आहे. चार क्रमांक 365 पौंडांचा. तीन क्रमांकाचा ग्रिपर मिटल्याची पहिली अधिकृत नोंद 1991 मध्ये रिचर्ड सोरिन यांच्या नावावर झाली आणि चार क्रमांकाची 1998 मध्ये जो किनी यांच्या. एकाच क्रमांकाचे दोन ग्रिपरसुद्धा तंतोतंत सारखे नसतात, म्हणून स्पर्धांमध्ये अनेकदा प्रत्येक ग्रिपर वजन टांगून मोजलेला असतो आणि त्याच मोजमापावर क्रम लावतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न सुरुवातीच्या अंतराचा. दुसऱ्या हाताने ग्रिपर किती आत ढकलून द्यायचा, याचे नियम निरनिराळे आहेत. कंपनीच्या प्रमाणपत्रासाठी मुठींच्या टोकांमध्ये क्रेडिट कार्डाची अरुंद बाजू, म्हणजे जवळपास 54 मिलिमीटर, मावली पाहिजे; अनेक स्पर्धांत मात्र 20 मिलिमीटरपर्यंत आत आणू देतात. ज्याने एका अंतराचा सराव केला, त्याला दुसरे अंतर परके वाटते. आयोजकांना आजच पत्र लिहून हे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत दोन्ही अंतरांवर सराव ठेवावा.

आता हवामान. इथे आपली तक्रार घामाची असते, तिथे उलटी असेल. नोव्हेंबरात बाहेर थंडी आणि सभागृहात हीटर, त्यामुळे हवा अतिशय कोरडी होते, कातडी काचेसारखी गुळगुळीत पडते आणि घट्ट्यांच्या कडांना भेगा जातात. अशा कातडीवर भरपूर चॉक लावले की पकड आणखी बिघडते. हात धुऊन, हलकासा ओलावा राहू देऊन, मग थोडेच चॉक लावावे. घट्टे निघण्यापूर्वीच घासून सपाट करावेत आणि तिथे पोहोचल्यापासून रात्री हातांना खोबरेल तेल लावावे. स्पर्धेच्या दिवशी मात्र तेलाचा अंशही नको. थंड बोटांत जोर येत नाही, म्हणून स्वतःची पाळी येईपर्यंत लोकरी हातमोजे काढू नयेत.

मालवण_किनारा

मी थोडे वेगळे मत मांडतो, राग नसावा. विमानभाडे, व्हिसा, विमा आणि मुक्काम धरून हा खर्च बागायतदाराच्या एका वाईट हंगामाची झोप उडवण्याइतका आहे. आपले मुख्य उद्दिष्ट तीन क्रमांकाचा ग्रिपर हेच असेल, तर त्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. कंपनीच्या नियमांप्रमाणे मान्य पंचासमोर तो प्रयत्न इथेही करता येतो. पण इतर तीन प्रकारांत आपण कुठे उभे आहात हे जाणून घ्यायचे असेल, तर तेथे जाण्याला पर्याय नाही, कारण त्या साधनांवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी तुलना केल्याखेरीज आपला आकडा चांगला की साधारण हे कळत नाही. हे आधी स्वतःशी ठरवावे आणि मगच तिकीट काढावे.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मालवणकरांचा प्रश्न रास्त आहे. मला बाकीच्या तीन प्रकारांसाठीच जायचे आहे, ग्रिपरवर माझी फारशी भिस्त नाही. पाइपमध्ये बेअरिंग बसवायला आज सांगितले. आयोजकांनी ईमेलने ‘तुमचे स्वागत आहे’ एवढेच कळवले आहे. व्हिसासाठी तेवढे पुरेल का? आणि शेवटचा जड सराव किती दिवस आधी थांबवावा?

चिपळूण_जंक्शन

तेवढे पुरणार नाही. संस्थेच्या नाममुद्रित कागदावर पत्र मागवावे आणि त्यात आपले पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, स्पर्धेचे ठिकाण व तारखा, आपण कोणत्या गटात भाग घेणार आहात, आणि खर्च कोण करणार, हे सर्व लिहिलेले असावे. खर्च आपणच करणार असाल तर ते पत्रातही स्पष्ट असावे आणि बँकेचे विवरण, प्राप्तिकर विवरणपत्र यांनी त्याला दुजोरा मिळावा. आपण बागायतदार आहात, तेव्हा सातबाराचा उतारा इंग्रजी भाषांतरासह जोडावा. परत येण्याचे कारण दाखवणारा त्याहून चांगला कागद आपल्याकडे नसेल.

चिरेबंदी

सरावाबद्दल: अंगठ्याचा आणि चिमटीचा शेवटचा जड सराव आठ-दहा दिवस आधी करावा, कारण स्नायूंपेक्षा स्नायुबंध सावकाश सावरतात; त्यानंतर हलके ग्रिपर आणि बोटे उघडण्याचा रबरी पट्टीचा व्यायाम एवढेच पुरे. नोव्हेंबरात जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे तेथील सकाळचे दहा हे आपल्या शरीराला दुपारचे अडीच वाटतील. आपण संध्याकाळी सराव करता, म्हणून शेवटचे काही आठवडे तो दुपारी हलवून पाहावा. आणि प्रवासाच्या दिवशी बॅग चाकांचीच घ्यावी. चिपळूणच्या फलाटावर जड पेटी मुठीत धरून जिना चढलात, तर दोन दिवस विश्रांती दिलेली बोटे तिथेच थकतील.