हर्नियाचं ऑपरेशन: सिव्हिल की खाजगी?

प्रश्न (सिडकोकर): वय 62, जांघेतला हर्निया, त्रास कमी. नाशिक सिव्हिलला थांबावं की खाजगीत करावं?

गोदाकाठ: गाठ आडवं झाल्यावर आत जात असेल तर थांबता येतं. ती कडक झाली, आत जाईना, उलट्या लागल्या तर तारखेची वाट बघू नका. थेट तातडीच्या विभागात जा, कुठल्याही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा तासांचा हिशोब असतो.

सिव्हिलला तारीख लांबते ती ऑपरेशनची टेबलं आणि भूलतज्ज्ञ मोजके म्हणून. सिझेरियन, अपघात आले की नियोजित केस मागे जाते. बऱ्याचदा मात्र अडतं ते फिटनेसवर, म्हणजे भूल द्यायला तब्येत योग्य आहे का यावर: साखर वाढलेली, बीपी चढलेलं. ईसीजी, रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे आधीच करून फाईल तयार ठेवा. तिथं सर्जन निवडता येत नाही, युनिट (डॉक्टरांची टीम) ठरलेलं असतं.

पंचवटी_67: तिसरा रस्ता म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य योजना, राज्य सरकारची मोफत उपचारांची. पण रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर जाऊ नका. मान्यता विभागवार असते. हृदयरोगासाठी असेल, जनरल सर्जरीसाठी नसेलही. काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. दाखल होण्याआधी रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) विचारा. आधी रोख भरून मग योजना मागितली की घोळ होतो.

गोदाकाठ: आणि खाजगीत एस्टिमेट लेखी घ्या. हर्नियाच्या जागी आत बसवतात ती जाळी कुठली, तिची किंमत पॅकेजमध्ये की वेगळी, हे त्यात हवं. बिल तिथंच फुगतं.